फ्लॉप्यांची खंडेनवमी

"माझ्या परवानगीशिवाय या कंपनीत डास शिरणार नाही, अण्णा! व्हायरसची काय बिशाद?"

हे वाक्य परशुराम निफाडकर, म्हणजे आपला परसू, दिवसातून निदान तीनदा म्हणायचा. एकदा मालकांसमोर, एकदा कँटीनमध्ये आणि एकदा घरी बायकोसमोर. बायको, शलाका, घरातल्या डासांकडे बघायची आणि गप्प बसायची. गुणी मुलगी हो!

सत्त्याण्णव सालची गोष्ट. परसू पुण्याहून बंगळूरला आला तो पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका पंप बनवणाऱ्या कंपनीत कॉम्प्युटर ऑफिसर म्हणून. मालक रघुपतीराव जाधव. घराणं कित्येक पिढ्या बंगळुरातलं, घरात मराठी, पण निम्मी कन्नडमध्ये भिजलेली; 'ठीक'ला 'सरी' म्हणायचे, 'जरा'ला 'स्वल्प'. सगळा कारखाना त्यांना अण्णा म्हणायचा. अण्णांनी हौसेने आठ कॉम्प्युटर घेतले, वायरीने एकमेकांना जोडले, आणि मग कोणीतरी त्यांच्या कानात सांगितलं की एकाला रोग झाला तर आठही आडवे होतात. अण्णांची झोप उडाली. त्यांनी परसूला सहा महिन्यांच्या बोलीवर नेमलं.

परसूने आल्या आल्या काय धडाका लावला म्हणता! प्रत्येकाला पासवर्ड, तोही दर सोमवारी नवा. फोनच्या लाइनमधून हॅकर आत येतात म्हणून मोडेम संध्याकाळी काढून, पंच्यात गुंडाळून कपाटात. आणि फ्लॉपीवर तर कडक जप्ती! गेटवरचा वॉचमन विठोजी येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून विचारायचा, "फ्लॉपी इदेया?" म्हणजे, फ्लॉपी आहे का? साहेब असो, ट्रक ड्रायव्हर असो, कँटीनला कोथिंबीर देणारी बाई असो! त्या बाईने घाबरून दोन दिवस कोथिंबीरच आणली नाही.

सापडलेली फ्लॉपी परसू तपासायचा. तपासायला त्याच्याकडे एक निळी फ्लॉपी होती, व्हायरस शोधून मारणारी. तिच्यावर त्याने लाल शाईने 'औषध' असं लिहिलं होतं. चांगली फ्लॉपी परत जायची. रोगी फ्लॉपीवर 'विष' अशी चिठ्ठी चिकटायची आणि ती बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, डबा कपाटात, कपाटाला कुलूप. अशा तेवीस जमल्या होत्या. खरं तर त्या तिथल्या तिथे पुसून टाकायच्या. पण मग आल्यागेल्याला दाखवणार काय? पाहुणा आला की परसू कुलूप उघडायचा, डबा काढायचा आणि म्हणायचा, "तेवीस पकडले!" पाहुणा "बाप रे" म्हणायचा. परसूची छाती फुगायची. माणूस आहे, चालायचंच.

तर अशात अण्णांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"निफाडकर, स्वल्प बस इथं. व्हाइटफील्डकडं ती मोठी परदेशी कंपनी हाय बघ, ती आपल्याला चार वर्षांचं काम द्याला तयार हाय. पण त्यांचे पंपांचे नकाशे आपल्या कॉम्प्युटरात ठेवावे लागतात. नकाशे आपल्याकडं सेफ ऱ्हातात का नाही, ते बघाला त्यांच्या मॅडम येतात. दसरा झाला की सोमवारी."

"येऊ देत, अण्णा! माझ्या परवानगीशिवाय..."

"डास शिरत नाही. ठाऊक हाय. ऐक. तुझे सहा महिने पण त्याच आठवड्यात संपतात. मॅडम पास म्हणाल्या, तू पर्मनंट. नापास म्हणाल्या तर..." अण्णांना पुढचं बोलणं जड गेलं. ते मनाने चांगले होते. "तर सरी. दुसरं काय करू मी तरी?"

परसू हसत हसत बाहेर आला, पण ते हसू दारापर्यंतच टिकलं. पुण्याची नोकरी सोडून आला होता तो. सासऱ्यांचं लक्ष्मी रोडला फोटोफ्रेमचं दुकान होतं आणि निघताना त्यांनी जावयाला प्रेमाने सांगितलं होतं, "नाही जमलं तर संकोच करू नका, आपल्या दुकानात स्टूल मोकळंच असतं." ते स्टूल परसूच्या स्वप्नात यायचं. शिवाय शलाकाला इथे शाळेत नोकरी लागली होती, पोरांना मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये रागवायला लागली होती, खुशीत होती. तिला काय तोंड दाखवायचं?

शुक्रवारी खंडेनवमी. पुण्यात आपण घरातली सुरी-कात्री पुजतो आणि मोकळे होतो. बंगळुरात तसं नाही! तिकडे आयुधपूजा म्हणजे आयुधपूजा. लेथ मशीनपासून मालकाच्या गाडीपर्यंत सगळं घासूनपुसून, धुऊन, गंध-फूल लावून पुजायचं. रात्रभर आयुधांना विश्रांती. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सगळ्यांनी तासभर यायचं, ज्याचं आयुध त्याच्या जागी ठेवायचं आणि मुहूर्ताला सगळी यंत्रं एकदम चालू करायची. हे सगळं करायच्या रत्नाबाई. पंचवीस वर्षं कंपनीतली पत्रं टाइप करणाऱ्या, कडक नेसणाऱ्या, कडक बोलणाऱ्या. सगळे त्यांना रत्नक्का म्हणत.

रत्नक्का पदर खोचून परसूसमोर उभ्या राहिल्या. "निफाडकर सर, तुमची आयुधं कुठली म्हणून सांगा. पूजेत मांडायची हायत."

आता इथे माणसाने म्हणावं की नाही, "काही नाही हो, त्या कीबोर्डला एक फूल वाहा"? पण तेवीस पकडलेला माणूस तो! त्याने खिशातून किल्ली काढली आणि रुबाबात पुढे केली.

"रत्नक्का, या कपाटात आहेत ना, ती सगळी माझी आयुधं!"

"सगळी?"

"सगळी!"

किल्ली देऊन परसू कोहळा आणायला निघून गेला. मुहूर्ताला दृष्ट काढून फोडायला मोठा कोहळा हवा होता आणि अण्णांचा कोहळ्याच्या बाबतीत कोणावर विश्वास नव्हता. यशवंतपूरच्या बाजारातून अकरा किलोचा कोहळा मांडीवर घेऊन तो रिक्षाने परत आला, तोवर पूजा आटोपली होती. धुपाने डोळे चुरचुरत होते. टेबलावर झेंडूचा ढीग होता, ढिगाखाली काहीतरी ओळीने मांडलेलं होतं, आणि परसूने लांबूनच हात जोडले.

दसऱ्याला सकाळी मुहूर्त. सगळा स्टाफ नटून आला होता. आठही कॉम्प्युटरना हार घातले होते, पडद्यांवर विभूतीची तीन-तीन बोटं. परसू दारात उभा होता, कारण कोहळा फोडायचा मान त्याला मिळाला होता. अण्णांनी नारळ फोडला आणि यूपीएसचं मोठं बटण दाबलं. आठही कॉम्प्युटर एकदम गुरगुरले. टाळ्या! परसूने बाहेर कोहळा आपटला. त्याच्या नव्या पँटवर कोहळ्यात भरलेलं कुंकवाचं पाणी उडालं. आत पडद्यांवर इंग्रजीत काहीतरी उमटलं, रत्नक्कांनी एकेका कॉम्प्युटरपाशी जाऊन काहीतरी केलं, सगळं सुरळीत चालू झालं, पाच मिनिटांनी बंद केलं. पेढे वाटले. शुभ झालं!

सोमवारी साडेदहाला व्हाइटफील्डच्या मॅडम आल्या. आसावरी कुंटे. मुंबईच्या. बारीक केस, मोठी बॅग आणि हातात चाळीस प्रश्नांची यादी. विठोजीने त्यांनाही विचारलं, "फ्लॉपी इदेया?" बॅगेत एक होती. तिची वहीत नोंद झाली, सही झाली. मॅडमनी यादीवर पहिली खूण केली. परसूने खिडकीतून बघितलं आणि त्याला विठोजीला मिठी मारावीशी वाटली.

"पासवर्ड किती दिवसांनी बदलता?"

"दर सोमवारी, मॅडम!"

"मोडेम?"

"पंच्यात! म्हणजे, कपाटात. कुलूपबंद."

"बॅकअप?"

"दोन. एक इथे, एक अण्णांच्या घरच्या देव्हाऱ्याखाली."

मॅडमनी भुवई उंचावली, पण खूण केली. एकोणचाळीस खुणा झाल्या. अण्णा मागे उभे राहून प्रत्येक खुणेला मान डोलवत होते. परसूला पर्मनंटचं पत्र दिसायला लागलं होतं.

"लास्ट वन. तुमचं फ्लॉपीचं रजिस्टर कॉम्प्युटरवर दाखवा."

परसूने रजिस्टर उघडलं. सुबक रकाने, सुबक नावं. मॅडम खाली वाकल्या. आणि मंडळी, पहिल्या ओळीतला 'आर' सुटला. सुटला म्हणजे सुटलाच! पडद्यावरून तरंगत खाली आला आणि तळाशी जाऊन पडला. त्याच्या मागे 'ए'. मग 'टी'.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

परसूच्या तोंडचं पाणी पळालं. पण जिभेने दगा दिला नाही. "स्क्रीनसेव्हर!"

"आपण वाचत असताना?"

"हो ना, जरा... उत्साही आहे." असं म्हणून त्याने पडद्यासमोर स्वतःलाच उभं केलं. "आपण त्या कॉम्प्युटरवर बघू, मॅडम. तो जास्त चांगला आहे."

त्या जास्त चांगल्या कॉम्प्युटरवर एक पांढरा चेंडू टुणटुण उड्या मारत होता. रकान्यांना धडकायचा, परत फिरायचा.

"अय्यो, छान हाय की!" अण्णा म्हणाले. "हे कधी बसवलंस, निफाडकर?"

तेवढ्यात स्टोअर्समधल्या कॉम्प्युटरने पिपाणीच्या आवाजात गाणं सुरू केलं. मग स्टोअर्समधून ओरडा आला, "सर, मी काही केलं नाही हो! हा आपणहून गातोय!" परचेसमधून दुसरा ओरडा आला, "सर, माझी सगळी अक्षरं खाली पडलीत, झाडू का?" परसू त्या टेबलावरून या टेबलावर धावत होता, एका पडद्यावर फाइल धरत होता, दुसऱ्यावर रुमाल टाकत होता आणि हसत होता. त्याचं ते हसू बघवत नव्हतं.

मॅडमना काय वाटलं देव जाणे. खेडवळ कारखाना, हौशी माणसं, बसवले असतील खेळ, असंही वाटलं असेल. त्यांनी घड्याळ बघितलं आणि बॅग उघडली.

"ओके. मला दोनपर्यंत परत पोचायचंय. ट्रायल म्हणून आमच्या नकाशांचा पहिला सेट तुमच्या मेन कॉम्प्युटरवर टाकते. तो उघडला की झालं, मी सही करते. ही फ्लॉपी मी तशीच ऑफिसला परत नेणार आहे."

सही! आधी हा शब्द परसूच्या कानात शिरला, मग फ्लॉपी परत न्यायची गोष्ट डोक्यात शिरली. मॅडमची फ्लॉपी आत गेली की नकाशे या रोगट कॉम्प्युटरात जाणार. तेही एक वेळ नंतर निस्तरलं असतं. पण तीच फ्लॉपी रोग घेऊन व्हाइटफील्डला जाणार आणि तिथले शेकडो कॉम्प्युटर आडवे होणार. आणि कोणाला कळणारही नाही की हा प्रसाद पीण्याहून आला! फक्त गप्प बसायचं होतं. दोन मिनिटं गप्प बसायचं, सही, पर्मनंट, शलाकाची शाळा, सगळं जागच्या जागी.

मॅडमनी फ्लॉपी ड्राइव्हला लावली.

"थांबा!"

परसू एवढ्या मोठ्याने ओरडला की विठोजी गेटवरून धावत आला. परसूने टेबलाखाली झेप घेतली, हाताला लागली ती जाड वायर दोन्ही हातांनी धरली आणि उपटली. आठही पडदे काळे पडले. पंखे थांबले. बॅटरी मेलेला यूपीएस नुसता केकाटायला लागला. अण्णांच्या केबिनमधला एसीही बंद पडला, तो या वायरीवर कसा होता ते आजपर्यंत कोणाला कळलेलं नाही.

टेबलाखालून परसूचा आवाज आला. "स्क्रीनसेव्हर नाहीये, मॅडम. व्हायरस आहे. सगळ्या कॉम्प्युटरना. मी खोटं बोललो. तुमची फ्लॉपी आत घालू नका."

मॅडम खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी यादी उलटी करून कोरी बाजू वर घेतली. "सुट्टीआधी, शुक्रवारी होता?"

"नव्हता! मी स्वतः तपासलंय."

"मग शुक्रवार ते आज, कॉम्प्युटरमध्ये काय गेलं?"

"काही नाही, मॅडम! सुट्टीच होती. फक्त पूजा..." परसूने टेबलाखालून डोकं काढलं आणि हळूहळू मान वळवली. "रत्नक्का?"

"काय सर?"

"पूजेला तुम्ही कपाटातून काय काढलंत?"

"तुम्ही सांगितलं तेच. सगळी आयुधं."

"डबापण?"

"डब्यातलीच तर हो! पण किती घाण ठेवलेली होती म्हणता! सगळ्यांवर कागद चिकटवलेले, कळकट. आयुधाला असं ठेवतात का? ओलं फडकं घेऊन सगळ्यांचे कागद खरवडून काढले. लखलखीत केल्या बघा."

परसूने डोळे मिटले. 'विष' गेलं, 'औषध' गेलं. "पण माझी ती निळी फ्लॉपी... तिच्या कोपऱ्यातली खिडकी मी उघडी ठेवली होती, रत्नक्का. ती उघडी असली की फ्लॉपीवर काही लिहिलं जात नाही. रोगसुद्धा."

"ती बारकी खिडकी? ती मी लावली की! सगळ्यांच्याच लावल्या. कुंकू आत जाईल म्हणून."

"आणि मग?"

"मग दुसऱ्या दिवशी आयुध आपापल्या जागी ठेवायचं असतं ना? तुम्ही कोहळ्यापाशी होता. मी म्हटलं, फ्लॉपीची जागा कुठली? भोक तर समोरच दिसतंय. आठ कॉम्प्युटर, आठ भोकं. एकेक घातली. ती निळी मुद्दाम मोठ्या कॉम्प्युटरात घातली, सुंदर होती म्हणून. अण्णांनी बटण दाबलं. इंग्रजीत आलं की फ्लॉपी काढा, कुठलंही बटण दाबा. मी काढली, दाबलं. परत पुसून डब्यात ठेवल्या. काय चुकलं सर?"

काय चुकलं! कॉम्प्युटर चालू होताना फ्लॉपी आत असली की तो सगळ्यात आधी तीच वाचतो, आणि तिच्यातला रोग सगळ्यात आधी गिळतो; मोठ्यात निळी होती, पण त्याला बाकीच्या सातांचा वायरीतून लागला. जगातल्या सगळ्या हॅकरांनी एकत्र बसून बेत केला असता, तरी नारळ फोडून, टाळ्या वाजवून, एका मुहूर्तावर आठही कॉम्प्युटरना व्हायरस पाजणं त्यांना जमलं नसतं!

रत्नक्कांना आता उमगायला लागलं होतं. पंचवीस वर्षांत पत्रात एक चूक न केलेल्या बाई. त्यांचा चेहरा पडला, हात पदराशी गेला. "मॅडम, हे मी केलं. सरांना काही ठाऊक नव्हतं. ह्यांची नोकरी..."

"नाही!" परसू उठून उभा राहिला. केसात कोळ्याचं जाळं, कोपराला खरचटलेलं. "त्यांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, सगळी माझी आयुधं. त्या फ्लॉप्या पुसून टाकायला हव्या होत्या. लोकांना दाखवायला ठेवल्या मी. गेटवरच्या वॉचमनला शिकवलं, कोथिंबीरवालीला शिकवलं, आणि रत्नक्कांना त्या डब्यात काय आहे ते सांगितलं नाही. चूक माझी आहे, मॅडम. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा."

मॅडमनी काय लिहायचं ते लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मग "थँक्यू" म्हणून निघून गेल्या. चाळिसाव्या प्रश्नापुढे खूण नव्हती, हे अण्णांनी मान लांब करून बघितलं होतं.

पुढचे तीन दिवस परसूने आठही कॉम्प्युटर एकेक करून धुऊन काढले. म्हणजे तसे नव्हे, फडक्याने नव्हे! बाहेरून नवं औषध आणून. रत्नक्का शेजारी वही घेऊन बसल्या होत्या आणि तो करील ते टिपून घेत होत्या. "हे का, सर?" "ते कशाला, सर?" तिसऱ्या दिवशी त्या परसूलाच सांगायला लागल्या, "खिडकी बघितली का आधी?" परसूने त्या तेवीस फ्लॉप्या स्वतःच्या हाताने मोडल्या. मोडताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

घरी त्याने शलाकाला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. तिने नुसता बाबांच्या दुकानाचा फोन नंबर वहीतून शोधून ठेवला, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडली. ते परसूला ऐकू आलं. त्याला फार वाईट वाटलं.

गुरुवारी व्हाइटफील्डहून लखोटा आला. अण्णांनी परसूला समोर उभं करून वाचला.

"निफाडकर, ऐक. ह्या म्हणतात, मी चौदा कंपन्या बघितल्या, सगळ्यांनी सांगितलं, आमच्याकडं व्हायरस नाही. एकट्या ह्या कंपनीनं सांगितलं, आहे. म्हणतात, तुमचा माणूस आपली नोकरी जाईल हे ठाऊक असून आमचे नकाशे वाचवाला वायर उपटतो. म्हणतात, असा माणूस असेल तिथं आमचे नकाशे ठेवाला हरकत नाही." अण्णांनी चष्मा काढला आणि पुसला. त्याला काही झालेलं नव्हतं. "सरी. पर्मनंट तू. आणि आता त्या एसीची वायर वेगळी कर."

परसू घरी पळतच आला. शलाकाने शिरा केला. शेजारच्या कन्नड मावशींना दिला, वरच्या मजल्यावर दिला. जेवणं झाल्यावर परसू पाय पसरून बसला आणि चौथ्यांदा सांगायला लागला.

"पण नक्की लिहिलंय काय तुझ्याबद्दल?" शलाकाने विचारलं.

"हेच, की हा माणूस वेळेवर वायर उपटतो."

"असं? मग तीन महिने मी रोज सांगतेय, विजा चमकतायत, झोपताना टीव्हीची वायर काढत जा म्हणून. ती कोण काढणार? व्हाइटफील्डच्या मॅडम?"

आज कोणाचंही ऐकायची परसूची तयारी होती. तो रुबाबात उठला, कपाटामागच्या अंधारात हात घातला, हाताला लागली ती वायर धरली आणि उपटली. आणि पर्मनंट माणसासारखा शांत झोपला.

सकाळी चहाचं दूध नासलं होतं. वायर फ्रिजची होती.